मध्ये घातलेला हात

साहेब, तुम्हाला तिरडीवर बांधताना हातांचे अंगठे एकमेकांना बांधायची वेळ आली, आणि जमलेली माणसं तुमच्या उजव्या हाताकडे बघून थबकली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. त्यापुढे तळव्याची कड तिरपी छाटलेली, उसाचा बुडखा एका घावात सुटतो तशी. सुतळी धरून बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "हाई काय व्हयेल शे?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्या लेकीने, माधुरीताईंनीसुद्धा रडता रडता माझ्याकडेच पाहिलं. बरोबरच आहे. तुमच्या त्या हाताची गोष्ट अख्ख्या शहाद्यात माझ्याइतकी रंगवून कोणी सांगत नाही, कारण त्या गोष्टीतला विदूषक मी आहे. पण त्या दिवशी मी नुसती सुतळी घेतली आणि अंगठे बांधले. गाठ सैल बसली, ती वाटेतच सुटली. मी बांधलेलं काहीच शेवटपर्यंत टिकत नाही, हे तुम्ही निकालपत्रांतून वेळोवेळी नोंदवलेलंच आहे.

तेव्हापासून मी रोज तुमच्या ओट्यावर येऊन बसतो. दारवर. हा शब्द तुम्हाला आमच्याकडे येऊन कळला होता. खानदेशात लग्नाला नाही गेलं तर चालतं, मयताच्या घरी दारवर बसायला नाही गेलं तर पिढ्यानपिढ्या चालत नाही. ज्यांच्यात रक्ताचं वैर आहे ते एकमेकांच्या दारवर जात नाहीत, आणि एखादा गेलाच तर त्याचा अर्थ सगळ्या गावाला कळतो. तुम्ही मात्र न्यायाधीश. कोणाचं लग्न नाही, कोणाचं बारसं नाही, कोणाच्या दारवर नाही. नोकरीभर तुम्ही माणसांच्या मरणावरच बसलात, पण एकाही मेलेल्याच्या दारात तुम्हाला बसता आलं नाही.

आता तुमच्या दारवर लोक येतायत. सतरंजीवर बसतात, उपरण्याने तोंड पुसतात, पाणी पितात, जातात. मी एकाच माणसाची वाट बघत होतो. तो यावा म्हणून बघत होतो आणि येऊ नये म्हणूनही. कोणाची, ते तुम्हाला सांगायला नको. भगवान आप्पांची. ज्यांनी तुमची बोटं तोडली त्यांची.

तुमचा जन्म, शिक्षण, बदल्या वगैरे पेपरात आलंय. दोन बदल्या चुकीच्या आहेत, फोटो तिसऱ्याच कोणाचा तरी वाटतो. मी दुरुस्त करायला गेलो नाही, गेलो असतो तर चौथी चूक केली असती.

बार रूममध्ये तुम्हाला आम्ही दगडसाहेब म्हणायचो. तुम्हाला माहीत होतं, हेही आम्हाला माहीत होतं. दगड यासाठी, की समोर काहीही आलं तरी तुमचा चेहरा हलायचा नाही. विहिरीत ढकललेली बाई, विळ्याने उघडलेलं पोट, चटका दिलेलं लेकरू. फोटो तुमच्या हातात जायचे, तुम्ही एकेक बघायचात, मागची तारीख तपासायचात, सही करायचात. माझ्यासारखा माणूस दुपारच्या डब्यातली वांग्याची भाजी परत घरी न्यायचा. तुम्ही जेवायचात. एकदा मी आगाऊपणे विचारलं, "साहेब, जेवण जातं कसं?" तुम्ही म्हणालात, "ढकलावं लागतं."

तरुणपणी याच जिल्ह्यात पहिली नेमणूक झाली तेव्हाची एक गोष्ट तुम्ही मला पुढे ओट्यावर सांगितलीत. कोर्ट चालू असताना एक माणूस सरळ आत आला. धोतर गुडघ्यापर्यंत लाल. रक्ताने चिकटलेला विळा त्याने तुमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सायेब, मी मारं. आते लिखी ल्या." पोलीस पळाले, पट्टेवाला पळाला, वकील मंडळी खिडकीतून गेली. माझे वडील तेव्हा तिथे वकिली करायचे, त्यामुळे खिडकीतून जाण्याची आमच्या घराण्याची परंपरा सिद्ध आहे. तुम्ही तुमचाच पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. तो पाणी प्यायला. तुम्ही त्याला समजावून सांगितलंत, कबुली देण्याचं तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. तो म्हणाला, "मंग मी कोनले सांगू?" गोष्ट सांगताना तुम्ही तिथेच थांबायचात, दर वेळी.

साक्षीदाराच्या तोंडची शिवीसुद्धा तुम्ही जशीच्या तशी टाईप करायला लावायचात. एकदा लघुलेखक बाई अडखळल्या तेव्हा तुम्ही तीच शिवी, एकेक अक्षर सुटं करून, इतक्या शांतपणे सांगितलीत की शिवी देणारा आरोपीच पिंजऱ्यात लाजला. "माणूस मेला तेव्हा कानावर जे शेवटचं पडलं ते हे," तुम्ही म्हणालात. "ते मी सभ्य करणारा कोण?"

आणि मग आप्पांची केस.

तापीकाठच्या एका गावातलं केळीचं वावर. शेजारी चुलतभावाचं. आप्पांच्या केळीला जाणारी पाइपलाइन चुलतभावाच्या बांधाखालून. उन्हाळ्यात ती फुटली, का फोडली. आप्पांचा मुलगा भूषण विचारायला गेला आणि चुलतभावाच्या मुलाने त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. भर सकाळी, मजुरांच्या देखत. केळीच्या घडांवर, पानांवर, ठिबकच्या नळ्यांवर रक्त. आरोपीचा वकील कोण, तर मी.

साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. मजूर म्हणाले, आम्ही जेवायला गेलो होतो. शेजारी म्हणाला, मला मोतीबिंदू आहे. आरोपीच्या भाऊकीने काय दम दिला होता ते सगळ्यांना माहीत होतं, कागदावर काहीच नव्हतं. राहिले एकटे आप्पा. त्यांनी सांगितलं, मी पळत पोचलो तेव्हा हीच कुऱ्हाड होती. उलटतपासाला मी उठलो. गाऊन मागे टाकला, तो मी तेव्हा फार झोकात टाकायचो. माझं म्हणणं, अशी कुऱ्हाड गावात घरोघर असते, हीच कशावरून? मी मुद्देमालाचं सील उघडायला लावलं. कुऱ्हाड बाहेर आली. पात्यावर काळपट डाग तसेच.

तुम्ही म्हणालात, "वकीलसाहेब, लांबूनच दाखवा."

मी म्हणालो, "साहेब, साक्षीदाराने हातात घेऊन, वजन बघूनच सांगावं, असा माझा आग्रह आहे."

आग्रह! साहेब, या जगात खून झालेल्या पोराच्या बापाच्या हातात, खुनी एका हाताच्या अंतरावर उभा असताना, खुनाची कुऱ्हाड आग्रहाने देणारा वकील मीच. दुसरा झाला असेल तर मला त्याला भेटायचंय.

आप्पांनी ती धरली. वर-खाली केली. मी विचारलं, "आता सांगा आप्पा, अशी कुऱ्हाड तुमच्या घरात नाही का? सगळ्यांच्या घरात असते की नाही?"

आप्पा म्हणाले, "हाई मन्हा घरमा नही शे. हाई मन्हा पोऱ्याना डोकामा व्हती."

आणि वळले.

पुढचं मी पाहिलं नाही. का, ते जगजाहीर आहे: मी टेबलाखाली होतो. तिथे पोचेपर्यंत मी नेमकं काय ओरडलो हेही जगजाहीर आहे. कुऱ्हाड हवेत असताना मी ओरडलो, "ऑब्जेक्शन, साहेब!" आजही मी बार रूममध्ये शिरलो की कोणीतरी कोपऱ्यातून ओरडतं. नवीन पोरं मला टेबलवकील म्हणतात, त्यांना वाटतं मी टेबलावरचं काम चांगलं करतो.

टेबलाखालून मला तुमचे बूट दिसले. तुम्ही वरून उतरला होतात. न्यायाधीश कोर्ट चालू असताना खाली उतरत नाही, साहेब. त्यासाठी मागे वेगळं दार असतं. तुम्ही पुढून उतरलात. बूट दोन पावलं पळाले, मग एक आवाज आला. ओलं लाकूड फुटल्यासारखा. ऊस तोडल्यासारखा. मग माझ्या तोंडासमोर, फरशीवर, तुमची दोन बोटं पडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. एकात अंगठी होती. अंगठी असलेलं बोट क्षणभर वाकलं. ते वाकलं, हे मी कोणालाच सांगत नाही. गोष्ट रंगवताना तेवढं गाळतो.

वर किंकाळ्या. आरोपी पिंजऱ्यात कोपऱ्याला चिकटून मुतला होता. पोलिसांनी आप्पांना खाली पाडून त्यांच्या पाठीवर गुडघा दिला होता, आणि आप्पा फरशीला तोंड लावून ओरडत होते, "माले त्याले मारनं व्हतं, तुमी काब्र वनात, तुमी काब्र वनात..." तुम्ही मध्ये का आलात, एवढंच पुन्हा पुन्हा. तुमच्या हातातून रक्त ओतल्यासारखं पडत होतं आणि तुम्ही डाव्या हाताने मनगट आवळून म्हणत होतात, "त्यांच्या पाठीवरून उठा. त्यांना श्वास घेता येत नाही."

मग मी आयुष्यातलं एक तरी धाडस करायचं ठरवलं. गळ्याचा पांढरा बँड काढला, तुमची बोटं त्यात गुंडाळली आणि धावलो. शिवली जातात, असं कुठेतरी ऐकलं होतं. मी बोटं घेऊन एका दवाखान्यात. तुम्हाला गाडीत घालून नेलं दुसऱ्याच दवाखान्यात. मी तिथे ओरडतोय, साहेब कुठेत. तुम्ही तिकडे पडलाय, बोटं कुठेत. एकमेकांचा पत्ता लागला तोवर डॉक्टर मान हलवत होते. शुद्धीवर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "मुद्देमाल आणि फिर्यादी एका जागी आणायला तुम्हाला कधी जमलंच नाही."

साहेब, मी त्या वाक्यावर हसलो. बाहेर जाऊन नळाखाली बँड धुतला.

खुनाची केस दुसऱ्या कोर्टाकडे गेली. आरोपी सुटला. मीच सोडवला. त्या संध्याकाळी आप्पांच्या गावच्या पोरांनी माझ्या ऑफिसचं शटर पहारीने फाडलं, खुर्ची जाळली, गाडीची काच फोडली. मी मागच्या दाराने निघालो, वाटेत गटारात पडलो, म्हणून वाचलो. तेही रंगवून सांगतो मी. पण रस्त्यात पेटलेली ती खुर्ची बघताना मला कळत होतं, ती पोरं चूक नव्हती.

मग आप्पांवर केस उभी राहिली. खुनाचा प्रयत्न. घटना भर कोर्टातली. साक्षीदार कोण, तर पोलीस, पट्टेवाला, लघुलेखक, शिरस्तेदार, सरकारी वकील, मी. आणि साहेब, तेव्हा जे झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. अख्खं कोर्ट फितूर झालं. पोलीस म्हणाला, गर्दी झाली, दिसलं नाही. लघुलेखक बाई म्हणाल्या, मी खाली मान घालून टाईप करत होते. पट्टेवाला म्हणाला, मी चहा आणायला गेलो होतो. शिरस्तेदार फायली लावत होते. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या घरी पोरं होती. माझी पाळी आली, मी म्हणालो, मी टेबलाखाली होतो, घाव पाहिला नाही. त्या साऱ्यांत खरं बोलणारा मी एकटाच निघालो, ही माझी प्रतिष्ठा.

उरलात तुम्ही.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिलात. पट्टी उतरली होती. आप्पांना मोफत मिळालेला तरुण वकील. त्याने तुमच्यासमोर दार सताड उघडलं. "साहेब, झटापट इतकी झाली, की कुऱ्हाड नक्की कोणाच्या हातात होती हे आपण खात्रीने सांगू शकत नाही. बरोबर?" समोरचे न्यायाधीशसुद्धा पेन खाली ठेवून बसले होते. हो म्हणा, साहेब. एवढंच. नुसती मान हलवा.

तुम्ही म्हणालात, "सांगू शकतो. भगवान आप्पांच्या हातात होती." मग म्हणालात, "घाव मला नव्हता. आरोपीला होता. मध्ये हात मी घातला."

आप्पांनी तुमच्याकडे बघितलंही नाही. आप्पा आत गेले. खुनी बाहेर, बाप आत. त्यांची घरवाली ते आत असतानाच गेली. तिच्या दारवर बसायला भाऊकीतलं कोणी आलं नाही, येणार कसं, भाऊकीनेच पोरगा मारला होता.

तुम्ही निवृत्त झालात आणि माधुरीताईंकडे शहाद्यात राहायला आलात. त्या इथे कॉलेजात शिकवतात. मला तुमचं येणं कळलं तसा मी लपलो. पण तुम्ही निरोप धाडला, संध्याकाळी चहाला या. मी आलो. मग रोजच आलो. तुम्ही डाव्या हाताने कप धरायचात, मी तोच एक मुद्दा धरायचो.

"एक वाक्य गिळलं असतंत साहेब, तर काय झालं असतं?"

"तुमच्या आरोपीविरुद्धचे साक्षीदार भीतीने फितूर झाले. माझ्या कोर्टातले दयेने झाले. फरक काय?"

"दया आणि भीती एकच का?"

"कागदावर एकच. कुऱ्हाड कोणी मारली, ते दोन्हीकडे कोणीच पाहिलं नाही."

"कागद गेला खड्ड्यात, साहेब!"

"मग तुम्ही वकिली कशावर केलीत?"

असं चालायचं. एका संध्याकाळी मी जरा जास्तच बोललो. म्हणालो, "तुमच्या त्या खऱ्या वाक्याने एका म्हाताऱ्याची बायको एकटी मेली. तुम्ही बोटं नाही गमावलीत साहेब, त्यांची किंमत वसूल केलीत." तुम्ही स्टीलचा ग्लास उचललात आणि माझ्या तोंडावर फेकलात. नेम डाव्या हाताचा, म्हणून कानाजवळून भिंतीला लागला. भिंतीचा पोपडा पडला, ग्लासाला चेप आली. दगडसाहेबांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांत इतका राग, की तेव्हा तुमच्या हातात ग्लासाऐवजी दुसरं काही असतं तर आज तुमच्याऐवजी माझ्यावर कोणी लिहीत असतं. मग तुम्ही खाली वाकलात, ग्लास उचललात, धुऊन आणलात आणि त्यातच मला चहा ओतलात. त्यानंतर रोज मला त्याच चेपलेल्या ग्लासात चहा मिळाला. शिक्षा म्हणून, का पुरावा म्हणून, हे मी विचारलं नाही. एक प्रश्न जास्त विचारून काय होतं ते मी शिकलो होतो, निदान तुमच्यापुरतं.

आप्पा सुटून आल्याचं कळलं तसे तुम्ही मागे लागलात. "मला तिकडे न्या." मी टाळलं. जीप बिघडली, रस्ता खराब, माझं पोट बिघडलं. शेवटी तुम्ही म्हणालात, मी एस.टी.ने जातो. त्या हाताने एस.टी.चा दांडा धरलेले तुम्ही मला डोळ्यांपुढे दिसलात, आणि मी जीप काढली.

दुपारची वेळ. आप्पा अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या तोडत होते. हातात कोयता. मी जीप लांब, तोंड गावाबाहेर करून लावली, इंजिन चालू ठेवलं आणि म्हणालो, "साहेब, मी इथेच थांबतो, गाडी राखायला." कोणापासून राखायला, ते तुम्ही विचारलं नाहीत. उतरलात, चालत गेलात. आप्पांनी तुम्हाला ओळखलं. कोयता वर उचलून ते धावले. शिव्या दिल्या, तुम्ही जशाच्या तशा टाईप करायला लावल्या असत्यात तसल्या. तुम्ही थांबला नाहीत. फक्त उजवा हात वर केलात, थांबा म्हणतात तसा. तो हात, तीन बोटांचा. आप्पा त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी कोयता हाणला, तुमच्या अगदी शेजारच्या ओंडक्यात, मुठीपर्यंत. मी गिअर टाकला होता, साहेब. पळायला टाकला होता की तुमच्याकडे यायला, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही दोघं आत गेलात.

बऱ्याच वेळाने बाहेर आलात. जीपमध्ये बसून म्हणालात, "इंजिन बंद केलं असतं तरी चाललं असतं." बस्स. आत काय झालं, मी शहाद्यापर्यंत विचारत आलो. तुम्ही केळीच्या बागा बघत बसलात. त्याचं उत्तर तुम्ही आपल्याबरोबरच घेऊन गेलात, असं मी धरून चाललो होतो.

काल दुपारी आप्पा आले.

स्टँडवरून चालत आले. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं. ओट्यावरची माणसं सरकून बसली, कारण ते कोण हे प्रत्येकाला माहीत होतं. मी सवयीने आधी त्यांचे हात बघितले. रिकामे होते. मग टेबल कुठे आहे ते बघितलं. ओट्यावर टेबल नव्हतं. आप्पा सतरंजीवर बसले, उपरण्याने तोंड झाकलं, आणि तसेच बसून राहिले. माधुरीताईंनी पाणी आणलं. घाईत त्यांच्या हाताला तोच चेपलेला ग्लास लागला होता. आप्पांनी चेपेवरून अंगठा फिरवला आणि पाणी प्यायले.

मग कोणाकडे न बघता म्हणाले, "मी त्याले माफ नही करेल शे."

माधुरीताई म्हणाल्या, "हो, आप्पा."

"खरं बोलना तो. खरं बोलीसन माले आत टाकं. मन्ही घरवाली मरनी, मी आत व्हतू."

"हो, आप्पा."

मला राहवलं नाही. "मग आज का आलात, आप्पा?" एक प्रश्न जास्त. खोड.

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तो मन्हा दारवर वना व्हता म्हनीसन." मग सावकाश बोलू लागले. "कोर्टमा समदासनी माले इचारं, पोऱ्या कसा मरना. घाव कोठे बसना, कुऱ्हाड कोनती. तू तर माले कुऱ्हाडनं वजन इचारं. ह्या मानूसनी मन्हा घरमा बठीसन इचारं, आप्पा, पोऱ्या व्हता कसा?"

आप्पांनी ग्लास सतरंजीवर ठेवला.

"मी सांगं. आपली येवढी बाग, पन त्याले दुसराना वावरमातलीच केळी गोड लागे. चोरीसन खाये. सोताना घड सोडीसन!" आप्पा हसले. हसता हसता तोंड वाकडं झालं, पण हसले. "तो सायेब बी हासना. मी बी हासनू. पोऱ्या मरना तवपाइन पहिलींदाव. आनि भायेर तुन्ही गाडी घुरघुर करी ऱ्हायंती."

मी खाली बघितलं.

"मी त्याले सांगं, त्या वकीलले घरमा बलाव. आज काय व्हई ते व्हई. तो बोलना, नको आप्पा. तो येई, त्याना टाईमवर." आप्पा उठले, उपरणं झटकलं. पायरी उतरताना थांबले. "मी वाट दखी ऱ्हायनू, वकील. घरमा कुऱ्हाड शे का, असं इचारू नको. सगळासना घरमा ऱ्हास ती. तूच सांगं व्हतं."

ते गेले. माधुरीताईंनी ग्लास उचलला, चेप बघितली, आणि त्यातच मला चहा आणून दिला.

साहेब, आपलं भांडण मिटलेलं नाही. ते वाक्य तुम्ही गिळायला हवं होतं, असंच मी अजून म्हणतो, आणि तुम्ही नाही म्हणता. पण तुम्ही खाली का उतरलात, कोणाला वाचवायला, हे मी इतकी वर्षं विचारत होतो आणि तुम्ही 'रेकॉर्डवर आहे' म्हणून टोलवत होतात. पिंजऱ्यातल्या त्या पोराला वाचवायला नाही. निदान नुसतं त्याच्यासाठी नाही. एका बापाच्या हातून खून होऊ नये, म्हणून तुम्ही आधी हात दिलात, आणि झालं ते तसंच लिहिलं जावं म्हणून नंतर जबाब. दोन्हींनी रक्तच काढलं.

भूषणला जाऊन वर्षं लोटली. त्याच्या दारवर मी गेलो नाही. वकिलाने जायचं नसतं, असं मी स्वतःला सांगत आलो. न्यायाधीशाने तर त्याहून जायचं नसतं, आणि तुम्ही गेलात. उद्या सकाळी मी निघतो. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, ठरवलं की मी चुकतो. आप्पा अंगणात असतील, हातात काहीतरी असेलच. जीप अगदी त्यांच्या दारात लावीन, साहेब, आणि इंजिन बंद करीन.